डायलिसिसवरच्या मुलाचे हृदय: जाड झालेली भिंत पुन्हा नीट होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ वर्षांची. नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिने जाऊन अंगावर सूज येणारा किडनीचा आजार) औषधांना दाद देईना, त्यातून दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दीड वर्षापासून मानेतल्या कॅथेटरमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणे, चालू आहे आणि लघवी जवळजवळ होतच नाही. ताज्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या बाजूची भिंत जाड झाल्याचे आणि पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर ढकलले जाते ते) ४८ टक्के असल्याचे लिहून आले आहे. बीपीच्या तीन गोळ्या चालू असूनही दाब १३०/९०च्या आसपास राहतो. डॉक्टर म्हणतात, ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचे वजन) २० किलोवरून आणखी अर्धा किलो खाली आणू. तुम्हाला वाटते, आधीच हडकलेल्या पोरीला आणखी पिळून काढायचे का? तुम्ही विचारता: किडनीच्या आजारात हृदय मध्येच कुठून आले, ते बरे होईल का, या रिपोर्टमुळे प्रत्यारोपण हुकेल का, आणि तिला खेळू द्यावे का?

मी मुलीला तपासलेले नाही, त्यामुळे तिच्या उपचाराचा निर्णय तिच्या डॉक्टरांचाच. पण लहान मुलांच्या किडनीच्या कामात बरीच वर्षे घालवल्यावर एवढे सांगू शकतो की तुम्ही लिहिलेल्या चित्रात पहिला संशय शरीरात साठलेल्या पाण्यावरच घ्यावा लागतो. ड्राय वेट खाली आणण्याचा विचार योग्य दिशेचा आहे. आणि या कारणाने बिघडलेले हृदय बहुतेक वेळा चांगले सुधारते, मात्र त्यासाठी पाणी खरोखर निघाले पाहिजे आणि ते सावकाश निघाले पाहिजे.

आधी हृदय कुठून आले ते. मोठ्या माणसांत हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यासमोर ब्लॉकेज आणि हार्ट अटॅक येतो. डायलिसिसवरच्या मुलांत तसे सहसा होत नाही. त्यांच्यात तीन गोष्टी दिसतात: डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणे, पुढे तोच कप्पा पसरून अशक्त होणे, आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडणे. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, डायलिसिसवर असलेल्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयाचे विकार आणि जंतुसंसर्ग ही दोन कारणे सगळ्यांत पुढे आहेत. म्हणून इकोचा रिपोर्ट फाइलला लावून ठेवण्याचा कागद नाही. त्यावरून डायलिसिसचा बेत बदलला गेला पाहिजे, आणि तुमचे डॉक्टर तेच करू पाहत आहेत.

डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त ढकलतो. समोर दाब जास्त असेल तर प्रत्येक ठोक्याला त्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि रोज वजन उचलणाऱ्याचा दंड भरावा तशी त्याची भिंत भरत जाते. फरक इतकाच की ही वाढ ताकदीची नसते. जाड भिंत ताठ होते, नीट सैल होत नाही, तिच्या स्नायूला पुरेसे रक्त पोहोचत नाही. त्यातच लघवी बंद असल्यामुळे दोन डायलिसिसच्या मधल्या काळात प्यायलेले जवळजवळ सगळे पाणी रक्तात आणि अंगात साठते, कप्पा ताणला जातो. दाब आणि ताण दोन्ही महिनोन्महिने चालू राहिले की पंपिंग घसरते. ४८ टक्के हा त्या घसरणीचा मधला टप्पा आहे. साधारणपणे ५५ किंवा त्याहून जास्त आकडा आपण ठीक मानतो.

१३०/९० हा आकडा मोठ्या माणसाचा असता तर 'थोडा जास्त' म्हणून सोडूनही दिला असता. नऊ वर्षांच्या लहानखुऱ्या मुलीसाठी तो फारच जास्त आहे. मुलांचा रक्तदाब वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावरून ठरवतात, त्यामुळे मोठ्यांचे १२०/८० मनात धरू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, 'हिच्यासाठी कुठला आकडा हवा?' आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरी मोजत असाल तर पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा हवा. पट्टा लहान असेल तर दाब खोटा वाढलेला दिसतो, मोठा असेल तर खोटा कमी. डायलिसिस नसलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसवून घेतलेले आकडे मला मशीनजवळ घेतलेल्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात. २४ तासांचे बीपी यंत्र दंडाला बांधून मोजता आले तर उत्तमच, कारण रात्री झोपेत दाब उतरतो की नाही हे दुसऱ्या कशानेच कळत नाही, आणि तो रात्रीही चढाच राहणे हृदयाला फार जड जाते.

आता ड्राय वेट. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन. मशीनवर हा आकडा घालतात आणि त्यावरचे जे असेल ते पाणी समजून काढतात. मोठ्या माणसात हा आकडा बराच काळ तसाच राहू शकतो. मुलात तो राहत नाही, कारण मूल वाढते. बाळ असेल तर आठवड्याला, मोठे मूल असेल तर निदान महिन्याला तो नव्याने ठरवावा लागतो. मूल चांगले खाते आहे, उंची वाढते आहे, अंगावर मांस धरते आहे आणि तरीही जुन्याच आकड्यावर पाणी काढले तर आपण त्याला खरोखर कोरडे करतो. मग पायात गोळे, चक्कर, बीपी पडणे, डायलिसिसनंतर दिवसभर झोपून राहणे असे होते. तुमच्या मनात जी भीती आहे ती अशा मुलांच्या बाबतीत खरी असते.

पण उलटेही होते, आणि ते जास्त फसवे असते. मूल महिनाभर नीट जेवले नाही, मध्ये ताप येऊन गेला, कॅथेटरचे इन्फेक्शन झाले. मांस आणि चरबी झडली, समजा अर्धा किलो. मशीनवर आकडा मात्र २० किलोच. आता डायलिसिस संपल्यावर काट्यावर बरोबर २० भरतात, सगळ्यांना वाटते ठीक आहे, पण त्या २० मधले अर्धा किलो मांस जाऊन तिथे अर्धा लिटर पाणी आलेले असते. वजन तेच, हृदयावरचा भार वेगळा. 'आधीच हडकली आहे' असे तुम्ही लिहिले आहे. तीच खूण मला सांगते की आकडा खाली यायला हवा. खांदे, दंड, बरगड्या दिसू लागल्या आणि वजन मात्र हलले नाही, तर फरक कशाने भरून निघाला असा प्रश्न पडायला हवा.

दुसरे एक लक्षात घ्या. सूज दिसत नाही म्हणजे पाणी नाही असे होत नाही. पापण्या आणि पाय सुजण्याआधीच शरीरात बरेच पाणी मावते, आणि ते आधी दाबात दिसते. म्हणून डायलिसिसवरच्या मुलाचा दाब चढा असेल तर, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, पाणी जादा आहे असेच मी धरून चालतो. अंदाज पक्का करायला डॉक्टर यकृत वाढले आहे का पाहतील, मानेच्या शिरा पाहतील, छातीचा एक्स-रे काढतील. काही ठिकाणी फुप्फुसांची सोनोग्राफी करून पाणी दिसते का पाहतात, किंवा अंगातील पाण्याचा अंदाज देणारे बायोइम्पिडन्सचे यंत्र वापरतात. यातली एकही तपासणी एकटीने अंतिम उत्तर देत नाही. सगळे एकत्र पाहून, आणि आईवडिलांना विचारून, आकडा ठरतो. गेल्या महिन्यात मूल किती जेवले, कपडे सैल झाले का, हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नसते. ते न विचारता सांगा.

अर्धा किलो एका दिवसात उतरवायचा नसतो. दर डायलिसिसला १०० ग्रॅम, फार तर २०० ग्रॅम असे खाली जायचे आणि मूल कसे सोसते ते पाहायचे. वजन उतरले की दाब लगेच उतरेल अशी अपेक्षाही ठेवू नका. पाणी निघाल्यावरही दाब खाली यायला काही आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. इथे पुष्कळ घरांचा धीर सुटतो.

आणि बीपीच्या गोळ्या. तीन गोळ्या चालू असताना दाब उतरत नाही, याचा अर्थ चौथी गोळी हवी असा बहुधा नसतो. शिवाय गोळ्यांचा एक वेगळाच अडथळा असतो. सकाळी तिन्ही गोळ्या घेऊन मूल मशीनवर आले की पाणी काढायला सुरुवात करताच दाब कोसळतो, सिस्टर पाणी काढणे थांबवतात, सलाइन देतात आणि मूल जादा पाणी घेऊनच घरी जाते. रात्री दाब पुन्हा चढतो, गोळी वाढते, पुढच्या वेळी पुन्हा तेच. हे चक्र तोडायचे तर पाणी उतरेल तशा गोळ्या कमी कराव्या लागतात आणि डायलिसिसच्या दिवशी त्यांची वेळ बदलावी लागते. काही गोळ्या डायलिसिसमध्ये रक्तातून धुऊनही जातात, एनालाप्रिल आणि अटेनोलोल त्यातल्याच. अम्लोडिपिन तशी जात नाही. कुठली कधी द्यायची हे डॉक्टरांकडून दिवसवार लिहून घ्या. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. अचानक बंद केल्याने दाब उसळलेला आणि त्यातून झटके आलेले मूल पाहायची वेळ कोणावरही येऊ नये.

तुमचा 'पिळून काढणे' हा शब्द मात्र मी हलका घेत नाही. पाणी किती काढले याइतकेच ते किती वेगाने काढले याला महत्त्व आहे. मशीन पाणी रक्तातून काढते, आणि अंगातले पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. काढण्याचा वेग त्याहून जास्त झाला की रक्तवाहिन्या रिकाम्या पडू लागतात, दाब घसरतो, आणि हृदयाच्या स्नायूलाच रक्त कमी पडते. डायलिसिस चालू असताना मुलांचे इको करून पाहिले तेव्हा भिंतीचे काही भाग तेवढ्यापुरते मंद हलताना दिसले आहेत, आणि जितके पाणी जास्त काढले, दाब जितका पडला, तितके हे जास्त. एखाद्या वेळी झाले तर हृदय सावरते. आठवड्यातून तीनदा होत राहिले तर कायमची इजा होऊ शकते. म्हणजे पाणी राहू देणे वाईट आणि घाईने ओढणे हेही वाईट.

साधारण हिशोब असा ठेवतात: एका वेळी वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी काढायची वेळ येऊ नये, आणि वेग दर किलोला तासाला १३ मिलीच्या आत असावा. २० किलोच्या मुलीला चार तासांत सुमारे १ लिटर. ती दोन डायलिसिसच्या मध्ये दीड किलो वाढून येत असेल तर ते चार तासांत काढायला जाणे म्हणजे तिच्या हृदयाशी झटापट आहे. उत्तर वेळेत आहे: चारचे पाच तास, किंवा आठवड्यातून चौथे सत्र. मला विचाराल तर हृदय अशक्त झालेल्या मुलाला देण्यासारखी सगळ्यांत चांगली गोष्ट जास्त डायलिसिस हीच. मुलाचा शाळेचा आणखी एक दिवस जातो, तुमचा कामाचा जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही विचारा. बरोबरीने डायलिसिसच्या पाण्याचे तापमान अर्धा-एक अंश कमी ठेवले तर दाब कमी पडतो. मशीनवर असताना पोटभर जेवण दिल्याने काही मुलांचा दाब पडतो, तसे होत असेल तर जेवण आधी किंवा नंतर. पायात गोळे आणि डोकेदुखी नेमकी कितव्या तासाला सुरू होते ते लिहून ठेवा. शेवटच्या तासात होत असेल तर वेगाचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी.

तुमच्या केंद्रात हिमोडायाफिल्ट्रेशन (रक्त जास्त चांगले गाळणारा डायलिसिसचा प्रकार) होते का, हेही विचारून पाहा. १० देशांतल्या २८ केंद्रांतील मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थ्री-एच अभ्यासात नेहमीच्या डायलिसिसवरच्या मुलांच्या मानेतल्या धमनीची भिंत वर्षभरात जाड होत गेली, हिमोडायाफिल्ट्रेशनवरच्या मुलांची जवळपास तशीच राहिली. त्यांची उंचीही जास्त वाढली, डोकेदुखी आणि चक्कर कमी होती. कोणाला कुठला उपचार हे त्यात चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे तो शेवटचा शब्द म्हणता येत नाही. पण सोय असेल तर अशक्त हृदयाच्या मुलासाठी मी त्याचा आग्रह धरतो. पोटाचे डायलिसिस (पोटात द्रव भरून पोटाच्या पडद्यातून पाणी आणि घाण काढणे) हा आणखी एक पर्याय. ते रोज आणि हळूहळू होते, त्यामुळे अशक्त हृदयाला सहसा जास्त सोसते. मात्र त्यातही पाणी साठते आणि दाब चढतो. पोटाच्या पडद्याने पाणी नीट ओढले नाही तर हीच तक्रार तिथेही उभी राहते.

आता घराच्या वाट्याचे काम. मुलीला 'पाणी कमी पी' असे दिवसभर सांगत राहण्याने काहीच साधत नाही, घरात फक्त भांडणे होतात. तहान मिठाने लागते. साधारण ८ ते ९ ग्रॅम मीठ शरीरात गेले की ते १ लिटर पाणी धरून ठेवते, आणि तेवढे पाणी आत येईपर्यंत मेंदू तिला तहान-तहान करायला लावतो. त्यात तिचा हट्टीपणा नाही. म्हणून मीठ आधी तोडा, पाणी आपोआप कमी होईल. वरून घेतलेल्या मिठापेक्षा पाकिटातले तयार पदार्थ जास्त घात करतात. पाण्याचा दिवसाचा हिशोब म्हणजे तिची दिवसाची लघवी आणि घाम-श्वासातून जाणारे पाणी, एवढी बेरीज. तिचा आकडा डॉक्टर शरीराच्या आकारमानावरून काढून देतील. दूध, सूप, बर्फ, औषधाबरोबरचे घोट हे सगळे त्यात धरायचे. लहान पेला, गार पाणी, बर्फाचा एखादा खडा यांनी मुलांना पुष्कळ बरे वाटते. आणि एक इशारा, तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी: जन्मजात किडनीदोष असलेली, भरपूर लघवी करणारी तान्ही बाळे मीठ लघवीतून आणि पोटाच्या डायलिसिसमधून घालवतात. त्यांना वरून मीठ द्यावे लागते. त्यांचे मीठ तोडले तर दाब इतका पडू शकतो की डोळ्याच्या नसेला इजा होऊन दृष्टी जाते. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नका.

पाण्याखेरीज हृदयाला त्रास देणाऱ्या आणखी काही गोष्टी तिच्या फाइलमध्ये तपासून पाहा. हिमोग्लोबिन किती आहे? मुलांत ते ११ ते १२च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. ७-८ इतकेच असेल तर हृदयाला तेवढाच प्राणवायू पोहोचवायला जास्त रक्त फिरवावे लागते आणि कप्पा पसरतो. एरिथ्रोपोएटिनचे (रक्त वाढवणारे) इंजेक्शन चालू असूनही वाढत नसेल तर लोह कमी आहे का, कुठे इन्फेक्शन दबून बसले आहे का, ते पाहतात. त्या इंजेक्शनाने बीपी वाढू शकते, हेही ध्यानात असू द्या. मानेतले कॅथेटर दीड वर्ष आहे म्हणता. त्यातून जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या झडपांवर बसण्याचा धोका असतो. डायलिसिस सुरू होताच थंडी वाजून ताप येत असेल तर 'अंगातच होता' म्हणून सोडू नका, रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) त्याच वेळी व्हायला हवे. प्रत्यारोपण लवकर होणार नसेल तर हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडणे) करता येईल का ते विचारा. फक्त फिस्टुलातून रक्त फार जोरात वाहू लागले तर त्याचाही हृदयावर भार पडतो, म्हणून हृदय अशक्त असताना तो करण्याआधी आणि नंतर इको पाहतात.

फॉस्फरसबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण त्याचे नुकसान आज दिसत नाही आणि म्हणून तो बांधून ठेवणाऱ्या गोळ्या सगळ्यांत जास्त चुकतात. किडनी नसली की फॉस्फरस साठतो, पॅराथायरॉइडचे संप्रेरक वाढते, हाडांतला चुना (कॅल्शियम) सुटतो आणि तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसू लागतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहानपणापासून किडनी निकामी असलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या ३९ मुलांच्या आणि तरुणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या स्कॅन करून पाहिल्या. विशीच्या आतल्या २३ जणांत एकाच्याही वाहिन्यांत चुना नव्हता. २० ते ३० वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांत होता. ज्यांच्यात तो होता त्यांच्या पोटात फॉस्फरस बांधणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या जवळजवळ दुप्पट जात होत्या. म्हणून आता रक्तातले कॅल्शियम वरच्या टोकाला गेले की डॉक्टर कॅल्शियम नसलेल्या, सेव्हेलॅमरसारख्या गोळ्यांकडे वळतात. या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या गोळीचा उपयोग फारच थोडा. कोला आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांत घातलेला फॉस्फरस आतड्यातून फार चटकन शोषला जातो, तो आधी बंद करा. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या रक्तवाहिन्या अजून वाचवता येतात.

पोटॅशियम मात्र आजच मारू शकते. ६.५च्या वर गेले की ठोके कधीही बिघडू शकतात, आणि हे बहुधा डायलिसिसच्या दोन दिवसांच्या लांब सुट्टीनंतर होते. त्या सुट्टीत पथ्य जास्त कडक ठेवा आणि एकही डायलिसिस चुकवू नका. पाय जड पडणे, अंगातली शक्तीच गेल्यासारखे वाटणे, धडधड किंवा घेरी ही त्याची लक्षणे असू शकतात. अनेकदा लक्षणेच नसतात. कोणी दुसऱ्या डॉक्टरांनी उलटीसाठी किंवा इन्फेक्शनसाठी औषध लिहून दिले तर तिच्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. ओन्डॅन्सेट्रॉन, अझिथ्रोमायसिन यांसारखी साधी वाटणारी औषधे कॅल्शियम-पोटॅशियम बिघडलेल्या मुलात ठोक्यांची लय बिघडवू शकतात.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो कधी? रात्री आडवे झाल्यावर खोकला किंवा धाप लागते, उठून बसल्यावर बरे वाटते. छातीत दुखते आणि पुढे वाकून बसले की कमी होते, कारण हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन तिथे पाणी साठलेले असू शकते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधार, झटका. शुद्ध हरपणे, एका क्षणासाठी का होईना. आणि एक जे पालकांना सुचत नाही: मुलांचे हृदय थकले की ती 'छातीत दुखते' म्हणत नाहीत, ती 'पोट दुखते' म्हणतात, जेवण टाकतात, उलट्या करतात. यकृत आणि आतडी पाण्याने फुगलेली असतात. आम्लपित्ताचे औषध देत आठवडा काढू नका.

खेळू द्यावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. पंपिंग ४८ असताना, दाब आटोक्यात येत असेल आणि ठोक्यांची गडबड नसेल तर चालणे, बागेत खेळणे, शाळेत जाणे चालू ठेवा. धाप लागली की तिला स्वतःला थांबू द्या. शर्यती, जोर लावण्याचे खेळ पुढच्या इकोपर्यंत थांबवा, आणि मानेतले कॅथेटर असेपर्यंत पोहणे नको. अंथरुणात ठेवलेल्या मुलाचे मांस झडते, आणि मांस झडले की ड्राय वेटचा तो सगळा घोळ पुन्हा सुरू होतो.

प्रत्यारोपण. ४८ टक्क्यांमुळे नाव कटत नाही. याहून खालचे पंपिंग असलेल्या मुलांचेही प्रत्यारोपण होते. आधी डायलिसिस वाढवून हृदय सावरून घेतात, भूल देणारे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर दोघे तपासतात, आणि नवी किडनी चालू झाल्यावर पाणी, दाब, रक्तक्षय, विषारी द्रव्ये असे सगळेच भार एकदम हलके होतात. पुढच्या महिन्यांत भिंत पातळ होताना आणि पंपिंग वर येताना मी पुष्कळ मुलांत पाहिले आहे. भिंतीची जाडी सगळ्यांचीच पूर्ववत होत नाही, आणि प्रत्यारोपणानंतरही दाबावर लक्ष ठेवावे लागते, कारण शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली काही औषधे दाब वाढवतात. हृदय अशक्त आहे म्हणून प्रत्यारोपण पुढे ढकलत राहणे मात्र मला पटत नाही. डायलिसिसवरचा प्रत्येक जादा महिना त्याच हृदयावर पडतो. त्यामुळे दात्याच्या तपासण्या आत्ताच सुरू करा, इको सुधारण्याची वाट पाहत बसू नका.

एक सावधगिरी. पाणी नीट निघून, दाब तिच्या वयाच्या हद्दीत येऊन दोन-तीन महिने झाले आणि तरीही पंपिंग वर आले नाही, तर 'डायलिसिसमुळेच' म्हणून थांबायचे नाही. हृदयाच्या स्नायूचा स्वतःचा आजार, झडपेची गळती, ठोक्यांचा विकार, कार्निटिनची (स्नायूंना ऊर्जा मिळायला लागणाऱ्या द्रव्याची) कमतरता असे काही आहे का, हे मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी शोधायला हवे.

पुढचा इको ठरवताना तो डायलिसिसनंतरच्या दिवशी, वजन ड्राय वेटच्या जवळ असताना करून घ्या. लांब सुट्टीच्या शेवटी, दीड किलो पाणी अंगात असताना केलेला इको हृदय आहे त्याहून वाईट दाखवतो आणि मागच्या रिपोर्टशी त्याची तुलना करता येत नाही. त्या दिवशीचे वजन, बीपी आणि हिमोग्लोबिन रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, भिंतीचे वजन तिच्या उंचीच्या हिशोबाने काढून द्यायला सांगा, आणि जमेल तर दर वेळी त्याच इको करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांबरोबर वाचा. ड्राय वेटचा नवा आकडा बरोबर होता की नाही, हे तिथे कळेल.